तिखलं धुऊन खाणाऱ्या गंगाबाई

"सर, उद्याचं ऑपरेशन थांबवा," मी फोनवर म्हणालो.

पॅथॉलॉजिस्टनं सर्जनला असा फोन करायचा नसतो. पॅथॉलॉजिस्ट म्हणजे पेशंटचा तुकडा मायक्रोस्कोपखाली बघणारा डॉक्टर. अख्खा पेशंट त्याच्या वाट्याला येत नाही. त्यात परळच्या त्या हॉस्पिटलात मी नवा, आणि डोळ्यांचे सर म्हणजे साक्षात जमदग्नी.

"गंगाबाईंचं? अरे, साध्या खुपऱ्यांची केस आहे," सर कडाडले. "डावा डोळा गेलाय. उजव्याच्या पापण्या आत वळून बुबुळावर घासतायत. पापणी सरळ केली नाही तर तोही जाईल."

"स्लाइड खुपऱ्यांची वाटत नाही, सर."

"वाटण्यावर माझं थिएटर चालत नाही. पुरावा आण. लिस्टवर पहिलं नाव त्यांचंच आहे."

स्लाइडवर पापणीच्या आतल्या अस्तराचा तुकडा होता. खुपऱ्यांमध्ये, म्हणजे पापणीच्या जंतुसंसर्गात, पांढऱ्या पेशी, म्हणजे शरीराचे शिपाई, जागोजागी घोळका करून बसतात. इथे ते अस्तराखाली सगळीकडे पसरले होते. लिम्फोसाइट आणि प्लाझ्मा सेल, दोन्ही जातींचे शिपाई होते. वरचा थर खालच्यापासून सुटून आला होता. जंतू मात्र औषधालाही नाही. मग हे शिपाई लढत कोणाशी होते?

शरीर स्वतःवरच उलटतं ही कल्पना तेव्हा नवीकोरी होती. असल्या आजाराबद्दल मी वाचलं होतं, पाहिला कधी नव्हता. त्यात शिपाई बिथरले की शेजारच्या विणकर पेशींना कामाला लावतात. त्या धागे विणत सुटतात, व्रण आखडतो आणि पापणी डोळ्याला चिकटत जाते. अशा तापलेल्या डोळ्याला सुरी लावली तर शिपाई आणखी चवताळतात. म्हणजे डोळा वाचवायचं ऑपरेशनच डोळा घेऊन जायचं.

पुरावा हवा तर पेशंट बघायला हवा. मी वॉर्डात गेलो. "रस्ता चुकलात का, डॉक्टर?" सिस्टरनं विचारलंच.

गंगाबाई लालबागच्या चाळीतल्या, साठीच्या, ठसक्याच्या. शेजारी त्यांची सून मालती डबा मांडीवर घेऊन फुरंगटून बसलेली.

"आजी, आणखी कुठे काही त्रास?"

"नाय. डोळो सोडून मी ठणठणीत असंय."

मी सुनेला म्हटलं, "डबा तसाच दिसतोय."

एवढंच निमित्त झालं. "माझ्या हातचा काय एक ह्यांका आवडणा नाय, डॉक्टर! बांगड्याचा तिखला केला तर बांगडो पाण्यात धुवन खातत! वरीस झाला, सगळी चाळ बघता!"

मालवणी बाई आणि तिखलं, म्हणजे माशाचं झणझणीत कालवण, धुऊन खाते? मी टॉर्च काढला. "आजी, तोंड उघडा."

"तोंडात काय असतला? दात असत, ते पण चारच."

बऱ्याच मिनतवारीनं तोंड उघडलं. हिरड्या लालभडक, गालाच्या आतली साल सुटलेली. डोळ्यातलं दुखणं तोंडातही ठाण मांडून बसलं होतं, आणि खुपऱ्या काही तोंडात होत नाहीत.

"अगो आवशी!" मालती म्हणाली. "आणि माका एक शब्द नाय सांगलास?"

"तिखट झोंबता म्हणान मालवणी बायल सांगतली?" गंगाबाई म्हणाल्या. "हसतले सगळे." मालतीनं डोळ्यांना पदर लावला.

मी सरांना वरून बोलावून आणलं. त्यांनी टॉर्च मारून निरखून पाहिलं. बाहेर रस्त्यावर संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा होता, घोषणांनी काचा थरथरत होत्या आणि नाक्यावर पोलीस लाठ्या घेऊन उभे होते.

"ॲग्रीड, हे खुपऱ्यांचं नाही," सर म्हणाले. "पण आपल्याच पेशी आपल्याच डोळ्यावर उठतील कशाला?"

गंगाबाईंनी पलंगावरूनच उत्तर दिलं. "डॉक्टरानू, खिडकीतसून बघा. ते पोलीस काय परदेशातले असत?"

सर हसले. सर हसल्याचं बघून सिस्टर घाबरली. लिस्टवरचं नाव मात्र कटलं.

बिथरलेल्या शिपायांना आवरणारं कॉर्टिसोन सुरू केलं. ते तेव्हा नव्यानंच मिळू लागलं होतं. हळूहळू शिपाई बरॅकीत परतले, डोळ्याची लाली उतरली. आखडलं होतं ते आखडलेलंच राहिलं, डावा डोळा काही परत आला नाही. उजव्या पापणीचे वाकडे केस ओपीडीत येऊन चिमट्यानं काढून घ्यावे लागत. पण तो डोळा टिकला. मुंबईसह महाराष्ट्र झाला तेव्हा लालबागची रोषणाई गंगाबाईंनी त्याच डोळ्यानं पाहिली आणि दिवे कमी लावल्याची तक्रार केली. मला इतका आनंद झाला की मी डिपार्टमेंटला पेढे वाटले.

"आता तिखला खातत ना?" मी मालतीला तिच्याच भाषेत विचारलं.

"खातत. पण रोज मीठ कमी म्हणतत."

हॉस्पिटलात डोळ्यांचं खातं एका मजल्यावर असतं, तोंडाचं दुसऱ्या. पेशंट मात्र दोन्ही एकाच मानेवर घेऊन येतो. आणि सासूची हिस्टरी घ्यायची असेल तर सुनेला विचारावं. ती काहीही लपवत नाही.