पाठमोरा पुंडलिक

सिनेमात आमच्या पोस्टवर शेकोटी पेटते. भोवती जवान बसतात आणि लाजाळू पुंडलिक गिटार घेऊन मध्ये उभा राहतो. एकोणीस हजार फुटांवर लाकूड कुठून आणलं, ते त्या दिग्दर्शकाने मला सांगावं. आमच्याकडे रॉकेलचा स्टोव्ह होता, त्याची काजळी होती आणि नऊ माणसं होती.

मी हवालदार सदानंद, निवृत्त, राहणार मांद्रे. पोस्टवरचा रेडिओ सेट माझ्या ताब्यात होता. लान्स नाईक पुंडलिक मयेचा. गोव्याचे आम्ही दोघेच. सकाळी पाचला स्टँड-टू, म्हणजे शस्त्र घेऊन सज्ज उभं राहायचं, सहाला रेडिओ चेक, मग बर्फ वितळवून पाणी. हे कंटाळवाणं काम पुंडलिक मागून घ्यायचा, कारण स्टोव्ह कोपऱ्यात होता आणि तोंड भिंतीकडे करता यायचं. त्याचं गाणं मी पहिल्यांदा तिथंच ऐकलं. गावच्या भजनातला अभंग होता. माझा पाय वाजला आणि तो गप्प झाला. खाली बेसला बडाखान्यात, म्हणजे पलटणीच्या जेवणावळीत, सुभेदार साहेबांनी गायचा हुकूम दिला तेव्हा हा गडी घामाने भिजला, पण तोंडातून शब्द फुटला नाही.

एका संध्याकाळी रिपोर्ट झाल्यावर मी हँडसेट त्याच्या हातात दिला आणि सगळ्यांना पाठ फिरवून बसायला लावलं. तो गायला. शेजारच्या पोस्टवरून उत्तर आलं, "पुन्हा. ओव्हर."

नियमात ते बसत नव्हतं. तरी रोज सुरू झालं. पुंडलिक गाताना कोणी वळून बघायचं नाही, असा रिवाजच पडला.

त्या दिवशी दुपारी दीडला शेजारच्या पोस्टवरून लिंक पेट्रोल, म्हणजे दोन पोस्टमधली गस्त, निघाली. चार माणसं, आमच्याकडे यायची. सव्वादोनला वारा सुटला आणि सगळं पांढरं झालं. दोन पस्तीसला सेट बोलला, "दिशा कळत नाही. ओव्हर." आम्ही रिकामा जेरीकॅन बडवायला लागलो. "आवाज तुटतोय. कुठून येतो समजत नाही. ओव्हर."

पुंडलिक बूट चढवत होता.

"दादा, मी गातंय. माझ्याकडे कोण बघू नकात."

त्याच्या कमरेचा दोर मी धरला. पन्नास पावलं जाऊन त्याने आमच्याकडे पाठ केली आणि गायला लागला. मी सेटवर सांगितलं, रोजचा आवाज ऐका आणि त्याच्याकडे चालत या. दोन चाळीस ते चार वीस. चौथा माणूस आत आला तेव्हा मी दोर ओढला. पुंडलिकचा आवाज पार गेला होता. त्या थंडीत शंभर मिनिटं तोंड उघडं ठेवून गाण्याचं मोल फुप्फुसांनी दिलं, त्यांत पाणी भरलं. हवा साफ होईपर्यंत हेलिकॉप्टर उडेना. सकाळी पाच चाळीसला तो गेला.

सिनेमाच्या शेवटी म्हणे तो गोळी लागून मरतो. त्याआधी मांद्र्याच्या किनाऱ्यावर एक मुलगी त्याची लाज घालवते आणि तो भर स्टेजवर टाळ्या घेतो. जणू लाज हा आजार होता आणि त्यातून तो बरा झाला. माझं डोकं फिरतं. त्याने लाज कधीच सोडली नाही. ती घेऊनच तो बाहेर गेला आणि चार माणसं आत आणली.

हा दिग्दर्शक माझ्या घरी दोनदा जेवला आहे. परवानगीचा कागद इंग्रजीत होता. पुंडलिकची आई, आमची काकी, मला म्हणाली, सही करू? मी म्हटलं, करा. मी तो वाचला नव्हता. मला जेवढा त्याचा राग आहे, तेवढाच स्वतःचाही आहे. नंतर फोनवर जाब विचारला तर म्हणाला, प्रेक्षकांना हिरोचा चेहरा बघायचा असतो.

डिचोलीत पहिल्या खेळाला आम्हाला मानाची रांग होती. मी काकीशेजारी बसलो. भीती एकच होती, हा पडद्यावरचा माणूस तिच्या मनातल्या मुलाला पुसून त्याच्या जागी बसेल. आणि सही माझ्या सांगण्यावरून झालेली. स्टेजचा प्रसंग आला तेव्हा तिने माझं मनगट धरलं.

"सदानंदा, ह्यो कोण?"

"पुंडलिक, काकी. सिनेमातलो."

"न्हय. माझो झील लोकांकडे बघून कधी गावक नाय. कुळागरात माडांका पाणी लायताना गातालो. मी पोफळीआड रावान आयकताली. त्याका कळला आसता तर गप रावलो आसतो."

ती उठली. अख्ख्या रांगेला पाय आखडायला लावून आम्ही बाहेर पडलो. दारावरचा माणूस म्हणाला, शेवट तर अजून राहिलाय. मी त्याला जे म्हटलं ते इथे लिहीत नाही.

दरवर्षी त्या तारखेला आम्ही पाचजण मयेला काकीकडे जातो. ती चार माणसं आणि मी. चहा होतो. दोन चाळीसला पडवीत कुळागराकडे, त्या माडा-पोफळींच्या बागेकडे, पाठ करून बसतो. चार वीसला उठतो. मध्ये कोणी वळून बघत नाही.

यंदा दिग्दर्शकाने न विचारता कॅमेरावाला पाठवला. मी त्याला हाकलायला उठलो, पण काकीने मला हाताने थांबवलं. तिने त्याचा कॅमेरा तुळशीपाशी ठेवायला लावला आणि त्यालाही आमच्या ओळीत बसवलं, कुळागराकडे पाठ करून. एकदा त्याची मान हलली. माझ्या बाजूच्या जवानाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग चार वीसपर्यंत त्यानेही वळून बघितलं नाही.