स्थिर की बदलता

लग्नानंतरची अकरा वर्षं आम्ही मालवणात भाड्याच्या दोन खोल्यांत काढली. मी बसवर कंडक्टर, नवरा बंदराजवळच्या बर्फाच्या कारखान्यात मशीनवर. घरमालक माणूस वाईट नव्हता, पण दिवाळी जवळ आली की तो अंगणात येऊन घुटमळायचा. "वैनी, धाच दिवसांचो प्रश्न आसा," म्हणायचा. मग समुद्राकडची खोली आम्ही पर्यटकांसाठी रिकामी करून द्यायचो आणि मुलीसकट एका खोलीत राहायचो. दहाचे वीस दिवस व्हायचे. एका वर्षी मुलीनं पाहुण्यांच्या पोरीला सांगितलं, "ही खोली आमची आहे, तुम्ही गेल्यावर." नवऱ्यानं ते ऐकलं. संध्याकाळी म्हणाला, "आपलां म्हणान घर होया."

बाजारापासून जरा आत, नव्या इमारतीत एक लहानसा फ्लॅट पसंत पडला. शिल्लक आणि माझ्या बांगड्या मिळून सुरुवातीची रक्कम जमली, उरलेल्यासाठी कर्ज काढायचं ठरलं. पगाराच्या पावत्यांपासून सगळी कागदपत्रं मीच गोळा केली. मला वाटलं, आता फक्त सह्या राहिल्यात.

बँकेत कर्जाच्या टेबलावर लातूरकडच्या एक तरुण मॅडम होत्या. त्यांनी अर्ज चाळला आणि विचारलं, "व्याजदर कोणता घेणार? स्थिर की बदलता?"

"कमी असेल तो," मी म्हटलं.

"आज बदलता कमी आहे. पण तो पुढे वरखाली होतो. स्थिर थोडा जास्त आहे, पण हप्ता ठरलेला राहतो."

"किती वर जाईल?"

"ते आम्हालाही सांगता येत नाही."

"आणि खाली?"

"तेही नाही."

मग त्यांनी तिसरा प्रकार सांगितला, पहिली काही वर्षं स्थिर आणि पुढे बदलता. शिवाय बदलता घेतला आणि दर वाढला, तर हप्ता वाढवायचा की कर्जाची मुदत वाढवायची, तेही होतंच. मी प्रत्येक गोष्टीला मान हलवली. गर्दीच्या गाडीत सुट्या पैशांचा हिशेब मी तोंडी करते, म्हणून आमच्या घरात आकड्यांचं खातं माझ्याकडे. बाहेर आल्यावर नवऱ्यानं विचारलं, "काय समाजलां?"

"सगळां."

"मगे माका सांग."

मी तोंड उघडलं आणि मला एक वाक्यही जुळवता येईना.

नवऱ्याचं मत पहिल्यापासून स्थिराकडे होतं. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा बर्फ कोणाला लागत नाही, त्याला अर्धाच पगार मिळतो. "पावसात हप्तो वाढलो तर खंयसून भरुचो?" तो म्हणायचा. मला ते पटायचं. दुसऱ्या दिवशी डेपोतला एक ड्रायव्हर सांगायचा की स्थिर घेणं म्हणजे न आलेल्या संकटाचे पैसे आधीच भरणं. मला तेही पटायचं. जो शेवटचा बोलेल त्याचं मला खरं वाटायचं, हीच माझी अडचण होती. अर्ज आठ दिवस कपाटात पडून राहिला. त्यातल्या व्याजदराच्या चौकटीत मी दोनदा पेन्सिलीनं खूण केली आणि दोनदा खोडली.

कट्टा गावाहून मालवणला येणाऱ्या सकाळच्या गाडीला एक निवृत्त गुरुजी नेहमी असायचे. पुढच्या सीटवर बसायचे आणि वर्तमानपत्र पूर्ण वाचायचे. व्याजाबद्दल त्यांना नक्की कळत असणार, असं माझ्या मनानं घेतलं. एके दिवशी त्यांच्या बाजूची जागा रिकामी बघून मी टेकले आणि सगळं सांगितलं.

"बदलतो घे, बाय," ते लगेच म्हणाले. "व्याज खाली येतलां. माजां आयक."

"आणि वाढलां तर, गुरुजी?"

"वाढलां तर मगे परत खाली येतलां."

त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला उभ्या रेघा मारून मला वर्षं दाखवली, खाली आकडे मांडले. मी वाकून बघत होते. तेवढ्यात गाडी थांबली आणि तिकीट तपासनीस वर चढले. मागून सुरुवात करून ते पुढे आले. "आजोबा, तिकीट?"

गुरुजींनी खिसा चाचपला. मी माझ्या तिकिटाच्या मशीनकडे बघितलं. मी त्यांचं तिकीट काढलंच नव्हतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं. कंडक्टरनं पैसे घेऊन तिकीट दिलं नाही, असा संशय जरी आला तरी नोकरीवर येतं. कर्ज राहिलं बाजूला.

गुरुजी उभे राहिले आणि वर्गात बोलावं तसे खणखणीत बोलले, "मी यांना पैसे दिलेलेच नाहीत. मी बोलत बसलो, यांना काम करू दिलं नाही. दंड माझ्याकडून घ्या."

तपासनिसांनी माझी पैशांची बॅग मोजली, मशीनशी ताडली. रक्कम बरोबर निघाली. गुरुजींनी दंड भरला. माझ्या नावावर एक शेरा पडला, तो अजून आहे. मालवणला सगळे उतरल्यावर मी दंडाचे पैसे त्यांच्या हातात ठेवू लागले. त्यांनी हात मागे घेतला.

"तां ऱ्हवांदे," म्हणाले. मग हळूच, "आणि बाय, माज्यावर जाव नको. माजां कर्ज शिक्षकांच्या पतपेढीचां होतां. थंय असलां काय इचारीतच नाय. माका तरी खंय कळता?"

मी स्टँडवर तशीच उभी राहिले. ज्या एका माणसाला कळतं असं मी धरून चालले होते, त्यानंही हात वर केले होते. रडू यावं की हसू, तेही ठरेना.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघांनी अर्जाच्या मागची बारीक अक्षरं पहिल्यांदा वाचली. नवरा बोट ठेवून वाचत होता. एका ओळीवर बोट थांबलं. स्थिर दरसुद्धा ठरावीक वर्षांनी बँक नव्यानं ठरवू शकेल, असं तिथं होतं.

"मगे तो स्थिर कसलो?" तो म्हणाला. इतके दिवस तो ज्या एका शब्दाला धरून बसला होता तोच सुटला.

आम्ही पुन्हा बँकेत गेलो. मी सरळच विचारलं, "मॅडम, तुम्ही स्वतः घर घेताना कोणता घेतला?"

"मी भाड्यानं राहते," त्या म्हणाल्या. "मला विचाराल तर मीही गोंधळले असते."

मग त्यांनी खुर्ची जरा पुढे घेतली आणि आमच्या कमाईबद्दल विचारलं. कोणत्या महिन्यांत पैसे जास्त येतात, कोणत्या महिन्यांत ओढाताण होते. नवऱ्यानं सांगितलं की हंगामात ओव्हरटाइम भरपूर मिळतो. त्यावर त्या म्हणाल्या की आमच्या बँकेत बदलत्या दराच्या कर्जात मधेच जास्तीची रक्कम भरली तर दंड नाही, स्थिरमध्ये आहे. एवढी एक गोष्ट मला स्वच्छ समजली. बाकी सगळं धुकं होतं, पण त्या एका गोष्टीवर आम्ही बदलत्यासमोर खूण केली. पेनानं. नवऱ्यानं सही करताना माझ्याकडे बघितलं, मी खिडकीकडे बघितलं.

घर झालं. ओट्याचा दगड मुलीनं निवडला. दोन हंगाम नवऱ्यानं ओव्हरटाइमचे पैसे कर्जात भरले, आणि आम्ही शहाणे ठरलो असं आम्हाला वाटू लागलं.

गेल्या महिन्यात बँकेचं पत्र आलं. दर बदलला आहे, हप्ता तोच राहील, मुदत बदलेल, असं काहीतरी. पुढे एक तक्ता होता, त्यात जुना आकडा कुठला आणि नवा कुठला तेच कळेना. मी तो दारातच उभ्यानं वाचला, मग टेबलाशी बसून वाचला. मॅडमना फोन लावला, तर त्यांची बदली झाली होती. नवरा कामावरून आला, हात धुतले आणि माझ्यासमोर बसला.

"बरां झालां काय वायट?" त्यानं विचारलं.

मी तक्त्याची दुसरी बाजू बघितली. ती कोरी होती.

"माका ठावक नाय," मी म्हटलं, आणि आम्ही जेवायला बसलो.