कांदाचाळीत कुणी रडत नाही

मंडळी, आज माझी नायिका पहिल्याच पानावर तोंडघशी पडली आणि मी चक्क खूश आहे.

माझी कादंबरी दोन प्रकाशकांकडून परत आलीय. "भाषा छान, पण खरं वाटत नाही." म्हणून सकाळी नाशिकहून विंचूरला गेले. ओळखीतल्या सुमनताई कांदाचाळीत साठवणीचा कांदा निवडत होत्या. शेजारी बसून त्यांना सुरुवात वाचून दाखवली: नायिका चाळीत शिरते, कांद्याने डोळे झोंबतात आणि त्या निमित्ताने ती मनातलं रडून घेते.

सुमनताई हसतच सुटल्या. "अवो ताई, कापल्याबिगर कांदा कुठं झोंबतो? हितं नाकाचं काम. एक जरी सडला तरी आधी वास येतो, मग हात घालून हुडकायचा."

तासभर मी तिथेच बसले होते, कोरड्या डोळ्यांनी! तरी कळलं नव्हतं.

दोन वर्षं घासलेला परिच्छेद तिथेच खोडला. नवं लिहिलं, 'चाळीत शिरताच तिला वास आला. बाकी कुणालाच नाही.'

ते वाचलं तसा सुमनताईंचा हात थांबला. "मग? घावला का तिला?"

तुम्ही तुमचं लिखाण आधी कुणाला वाचून दाखवता? मला "मग?" विचारणारं माणूस आज पहिल्यांदा भेटलं.