डाव्या कडेची आमसुलं

आधीच सांगतो, हसायचं तर हसा. वर्षापूर्वी मीही हसलो असतो. मी एसी प्लांटचा माणूस. बावीस वर्षं एकच शिकलोय... बिघाड असला की कारण असतंच, सापडत नसेल तर आपण नीट शोधलेलं नाही. भुतंखेतं, दृष्टांत, असल्या गप्पांत मी कधी बसलो नाही.

बहारीनमध्ये सनद भागात मी एकटाच राहतो. मुलीच्या कॉलेजसाठी ती आणि बायको पुण्यात. गेल्या वर्षी ऐन थंडीत, गुहागरजवळच्या आमच्या गावी बाबा गेले. मी गेलो नाही. धाकट्या भावाला सांगितलं, "लीव्ह मिळाली नाही." दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही. दुपार टळली तेव्हा दर्भाचा कावळा करून उरकलं. भाऊ फोनवर म्हणाला, "दादा, तुझीच वाट बघत असतील रे." मी विषय बदलला.

यंदा वर्षश्राद्ध भावाने गावी केलं. त्याच दिवशी मलाही वाटलं, एक पान वाढावं. विश्वास म्हणून नाही... चैन पडेना म्हणून. नईम भागातल्या दाऊदभाईंच्या दुकानात केळीचं पान आणि आमसुलं घ्यायला गेलो. दाऊदभाई मूळचे खेडचे, पान बघूनच त्यांना कळलं.

"कोणाचं हाय?"

"वडिलांचं."

"मग गच्चीवर नका ठेवू, साहेब. तिथं नुसती कबुतरं. सखीरच्या पुढं जावा, मोकळ्यात. यल्ला, निघा."

शुक्रवार होता. भात-आमटी करून निघालो. बाजूच्या सीटवर डबा, सांडू नये म्हणून त्याला सीटबेल्ट लावलेला. सखीरच्या पुढे वाळवंटात, इथले लोक थंडीत हौसेने ठोकतात ते तंबू लागले. माणसं, पोरंबाळं, मांस भाजल्याचा वास. तेही संपल्यावर नुसती वाळू, रस्त्याकडेने तेलाचे पाइप आणि गार वारा. बोलायला कोणी नाही, आणि बोलायचं होतं ते कोणाशी बोलण्यासारखं नव्हतं.

एका खुरट्या झाडाखाली पान मांडलं. भात, त्यावर आमटी, आमटीत दोन आमसुलं. पान उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर दगड. पाणी फिरवून बाजूला बसलो. पाऊण तास गेला. कावळा सोडा, माशीही फिरकली नाही.

आमच्याकडे पिंडासमोर उभं राहून शब्द देतात, तसं मी बोलायला लागलो. आईला इकडे आणीन. गणपतीला नक्की येईन. काही नाही. मग माझा मलाच संताप आला आणि मोठ्याने बोलून गेलो, "बाबा, लीव्ह मिळाली होती. तिकीटही काढलं होतं. तीन गणपती तुम्ही ये ये म्हणालात आणि मी टाळलं. मग तुमच्या चेहऱ्याकडे बघायची हिंमत झाली नाही."

हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. खूप रडलो. तोंड धुवायला गाडीकडे गेलो, दहा-बारा पावलं. परत यायला दोन मिनिटंही लागली नसतील.

पान साफ होतं. एक शीत नाही. चारही दगड जागच्या जागी. आणि डाव्या कडेला दोन्ही आमसुलं, अर्धवट चोखून एकावर एक ठेवलेली.

बाबा आमसूल कधी पुरतं चोखत नसत. निम्मी चव ठेवून डाव्या कडेला ठेवायचे, आणि मी ती पळवायचो. आई ओरडायची, "उष्टं खाऊ नको." ते म्हणायचे, "खाऊ दे गं. त्याच्यासाठीच ठेवलंय."

गाडीत बसून भावाला फोन लावला आणि खरं काय ते सांगून टाकलं. तो एवढंच म्हणाला, "दादा, जेवलास का?"

कोल्हा, मांजर, पक्षी, वारा, माझं डोकं... सगळं लावून पाहिलं. कशातच बसत नाही. कारण अजून सापडलेलं नाही. दाऊदभाई म्हणतात, ती आमसुलं पुरावा म्हणून जपायला हवी होती.

पण ती मी तिथेच खाल्ली.