बावखलाकाठचं झाड

"नाव सांगा. आणि बावखलाच्या काठाला कुठलं झाड आहे?"

हातात सुई घेऊन सिस्टरनी असं विचारलं की नवखा पेशंट गोंधळायचा. आमच्या वसईच्या वाड्यांमध्ये गोड्या पाण्याची छोटी तळी असतात, तीच बावखलं. पण त्यांचा तापाशी काय संबंध? सिस्टर मात्र उत्तर मिळेपर्यंत हलायच्या नाहीत. मग डोळे मिटून कोणी म्हणायचं चिंच, कोणी म्हणायचं सुरंगी. केसपेपरवर नावाखाली त्या तेच लिहायच्या. दुपारी आमच्या पापडीच्या छोट्या हॉस्पिटलात पडदे हलत, आणि कॉटांवर माणसं नाहीत, झाडंच निजली आहेत असं मला वाटायचं. तुम्ही असता तर तुम्हालाही वाटलं असतं.

ही सवय माझ्या चुकीतून आली, हे कबूल करायला हवं.

नव्वद सालानंतरची गोष्ट. लॅबमध्ये मी नवा होतो. भुईगावच्या एका बाईंना ऑपरेशनच्या वेळी रक्त द्यायचं होतं. रक्तगट तपासण्यासाठी मी वॉर्डात गेलो, खिडकीजवळच्या कॉटपाशी थांबलो आणि नाव घेऊन विचारलं, तुम्हीच ना? त्या हो म्हणाल्या. खोटं नव्हतंच ते. नाव तेच, आडनाव तेच, गावही तेच. फक्त बाई दुसऱ्या, तापाने आलेल्या. आमच्याकडे एका आळीत एकाच नावाच्या तिघी सहज निघतात.

दुसऱ्या दिवशी रक्ताची पिशवी आली. चिठ्ठीवरचं नाव बरोबर होतं. डॉक्टर घाई करत होते. सिस्टरनी ऑपरेशनच्या बाईंची एक बाही वर केली, मग दुसरी, आणि पिशवीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"यांच्या हातावर सुईची खूणच नाही, डॉक्टर. रक्त काढलं कोणाचं?"

पुन्हा तपासलं तर गट वेगळा निघाला. ती पिशवी चढली असती तर बाई जिवंत घरी गेल्या नसत्या. सिस्टरनी मला स्टुलावर बसवून चहा दिला. मी रडवेला होऊन म्हणालो, माझंच चुकलं.

"कोणाचं ते राहू दे. कसं चुकलं ते सांग."

मी सांगितलं. त्यांनी खिडकीबाहेरच्या झाडांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, चूक प्रश्नातच आहे. आजारी माणूस कशालाही हो म्हणतो, तेव्हा नुसतं हो म्हणून भागेल असं काही विचारायचंच नाही. नावं सारखी असली तरी बावखलाकाठची झाडं सहसा वेगळी असतात. त्या दिवसापासून आमच्या वॉर्डात झाडं आली.

पुढे तुळिंजच्या फ्लॅटमधली माणसं येऊ लागली. एक गृहस्थ वैतागून म्हणाले, आमच्याकडे बावखल नाही, बिल्डिंगची टाकी आहे. सिस्टर कसल्या हरतात! खिडकीतून काय दिसतं, असं त्यांनी विचारलं. त्या गृहस्थांच्या केसपेपरवर 'समोरच्यांचा गुलाबी टॉवेल' असं लिहिलेलं मी स्वतः वाचलं आहे. डॉक्टर आधी हसायचे, नंतर तेही विचारू लागले.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी सिस्टर त्याच वॉर्डात पेशंट म्हणून आल्या, खिडकीजवळच्या कॉटवर. रक्त काढायला मीच गेलो. मला पाहून हसल्या, आणि प्रश्नाची वाट बघू लागल्या. मी तोच नेहमीचा प्रश्न विचारला. त्यांनी नाव सांगितलं. झाडापाशी मात्र थांबल्या. त्यांचं बावखल बुजवून तिथे बिल्डिंग उठली होती, ते मला ठाऊक होतं.

"बकुळ लिही," त्या म्हणाल्या. "मला अजून वास येतो."

मी रक्त काढलं, कॉटपाशीच बाटलीवर नाव आणि झाड लिहिलं आणि त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी समाधानाने मान हलवली.

रिपोर्ट तयार होण्याआधीच सिस्टर गेल्या, ती कॉट रिकामी झाली. लॅबमध्ये परतलो तर स्टँडमध्ये बाटली तशीच होती. माझ्या अक्षरात त्यांचं नाव, आणि खाली बकुळ. आता ती तपासण्यात काही अर्थ नव्हता. तरी संध्याकाळपर्यंत मी ती कोणाला हलवू दिली नाही.