भिंतीतली तुळई

सागाचा ताजा भुसा नाकात गेला की मला सौदीतल्या राबिघजवळच्या एका गावातली जुनी मशीद आठवते. समुद्रातून कापून काढलेल्या पोवळ्याच्या दगडाच्या तिच्या भिंती, आणि त्या तडकू नयेत म्हणून मधूनमधून आडव्या घातलेल्या सागवानी तुळया. पुढे कधीतरी कुणा शहाण्याने वरून सिमेंट थापलं, आत खार कोंडला आणि लाकडाचा पार भुगा झाला. ते सिमेंट खरवडून आम्ही दोघे कोकणातले सुतार नव्या तुळया बसवत होतो. एका सकाळी माझ्या जोडीदाराला रत्नागिरीहून फोन आला, आई गेली. संध्याकाळच्या आत दफन करणार होते. ज्याच्या हाती आमचे पासपोर्ट, त्या कफीलने लगेच सोडलं असतं तरी तो पोचला नसता. मुकादम म्हणाला, खोलीवर जा. तो गेला नाही. तुळईवर रंधा मारत बसला, ती आरशासारखी गुळगुळीत झाली तरी थांबेना. मी म्हटलं, "अरे, ही चुन्याखाली जाणार. कोण बघणार आहे?" मान वर न करता तो म्हणाला, "आमच्यात कबरीत वरून फळ्या घालतात. मोहल्ल्यात त्या मीच तासून द्यायचो. आज आईच्या कोण तासतोय, कुणास ठाऊक." तुळई बसली तेव्हा गवंड्याची थापी बाजूला सारून पहिला चुना त्याने हातानेच घातला, मूठमाती द्यावी तसा. मशीद आता पांढरीशुभ्र झाली आहे, लोक तिथे फोटो काढतात. माझी आई गावी एकटी असते. घरचा फोन वाजला की मी आधी हातातला रंधा खाली ठेवतो.