नाखव्याला बोलू दिलं नाही

मोरेश्वर गेल्याचं मला केदारनं ऑफिसात फोन करून सांगितलं. "मोऱ्या गेला गं, सकाळी..." एवढंच. मी "बरं" म्हणाले. मित्र गेल्याचं ऐकून "बरं" म्हणतं का कुणी? रिसीव्हर ठेवल्यावर आधी रडू नाही आलं, लाज वाटली. दोनच दिवसांपूर्वी मी वाशीच्या हॉस्पिटलात त्याच्या खाटेशी बसले होते. काविळीनं डोळे पिवळेधमक, ओठ सुकलेले. तो म्हणाला, "ऐक ना, एक सांगायचं होतं..." आणि मी घाईघाईनं म्हटलं, "आता बोलू नकोस, दमशील. घरी आलास की सांग." बाजूच्या नर्सला वाटलं असेल, किती काळजी घेते ही! खरं म्हणजे तो काय विषय काढेल याची मला चार-पाच वर्षं धास्ती होती.

आम्ही वाशीच्या कॉलेजात एका वर्गात होतो. मी दादरहून नव्या वसाहतीत राहायला आलेल्या कारकुनाची मुलगी. तो बेलापूरच्या खाडीकाठचा, दिवाळे गावचा. आई मासळी विकायची. वडील तो लहान असतानाच वारलेले. त्या वर्षी माझ्या मामानं अमेरिकेहून एक खेळ आणला होता... एक जाडजूड पुस्तक आणि वीस बाजूंचा फासा. खेळ म्हणजे खरं तर सगळ्यांनी मिळून रचायची गोष्ट. प्रत्येकानं एक माणूस घ्यायचा, त्याचं नाव, ताकद, खोडी कागदावर लिहायच्या. गोष्ट चालवणारा सांगणार, समोर दरोडेखोर आलेत. बाकीचे सांगणार, आमचा माणूस काय करतो. जमलं की नाही ते फासा ठरवणार. माणसाची ताकद संपली की तो मेला, कागद फाडायचा, नवा माणूस घ्यायचा. गोष्ट मी चालवायचे. मोरेश्वर, केदार आणि शिल्पा दर रविवारी दुपारी आमच्या घरी जमायचे. आई पोहे करायची आणि दारातून विचारायची, "अजून कुणी जिंकलं नाही का रे?"

केदार आणि शिल्पानं तलवारी घेतलेले वीर घेतले. मोरेश्वरनं घेतला एक म्हातारा नाखवा, होडी चालवणारा. कुणाला मारायचा नाही. मी आठवडाभर खपून लढाई रचावी आणि याच्या नाखव्यानं दरोडेखोरांच्या सरदाराशेजारी बसून त्याला विचारावं, "जेवलास का?" फासाही मेला त्याच्याच बाजूनं पडायचा. सगळे हसायचे, मीही हसायचे. आतून मात्र चरफडायचे, कारण माझी लढाई फुकट जायची आणि लक्षात राहायचा तो नाखवाच.

एकदा सबमिशन संपल्यावर मी त्याच्याबरोबर दिवाळ्याला गेले होते. जेट्टीवर वाळत घातलेल्या बोंबलांच्या दांड्यांपाशी उभं राहून त्यानं मला त्याच्या मोठ्या भावाचं सांगितलं. भाऊ होडी घेऊन गेला, वारा फिरला. तिसऱ्या दिवशी होडी सापडली, रिकामी. दोर पाण्यात लोंबत होता आणि जेवणाचा डबा तसाच बंद. "आईनं तो डबा उघडलाच नाय," मोरेश्वर म्हणाला. "कोणाला बोलू नको हां."

मी कुणाला बोलले नाही. त्याहून वाईट केलं.

एका रविवारी केदार म्हणाला, "तुझ्या गोष्टीत कोणी मरतच नाही यार. टेन्शनच नाही काही." मला ते झोंबलं. पुढच्या रविवारी मी वादळ आणलं. नाखवा सुकाणू धरून होता. मोरेश्वरनं फासा टाकला, वीसपैकी चारच पडले. मी म्हटलं, "लाटेनं उचलला. गेला." मोरेश्वर म्हणाला, "थांब, तो काय करतो ते तर विचार. होडीतल्या पोरांना काहीतरी बोलेल ना तो." मी म्हटलं, "मेलेला माणूस बोलत नाही." आणि मग, गोष्ट रंगावी म्हणून, मी पुढचं वर्णन केलं. सकाळी सापडलेली रिकामी होडी. पाण्यात लोंबणारा दोर... बंद डबा.

केदारनं टाळ्या वाजवल्या. शिल्पाच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मला... हे लिहिताना हात अडतो, पण मला अभिमान वाटला. आपण एखाद्याला रडवू शकतो, याचा. मोरेश्वरनं माझ्याकडे एकदा पाहिलं, कागद फाडला नाही, घडी करून खिशात ठेवला. पोहे संपवले, ताटली आत ठेवून आला. आईला म्हणाला, "येतो काकू."

मला वाटलं आता हा यायचा नाही. पण पुढच्या रविवारी तो आला, नवा माणूस घेऊन. त्याचं नावही मला आता आठवत नाही. काही महिन्यांनी शिल्पा म्हणाली, आता मोऱ्याला चालवू दे ना गोष्ट. त्याच्या गोष्टीत मी घेतलेला वैद्य एका कड्यावरून पडला. मी कागद फाडायला घेतला, तर त्यानं माझा हात धरला. "थांब. अजून गेला नाय तो. त्याला काय बोलायचं ते बोलू दे. मग बाकीच्यांनी एकेक आठवण सांगायची. घाई नाय." त्या दुपारी खेळ पुढे गेलाच नाही. माझ्या त्या कागदी वैद्याबद्दल तिघांनी काय काय सांगितलं! मी ऐकत होते आणि मान वर करवत नव्हती. मोरेश्वर मला टोमणा मारत नव्हता. कसं करायचं असतं ते दाखवत होता. तेव्हा तरी "चुकलं माझं" म्हणायचं! नाही म्हटलं. नंतर तो तुर्भ्याच्या कारखान्यात लॅबमध्ये लागला, मी बँकेत. भेटी कमी झाल्या आणि ते शब्द राहूनच गेले.

तेराव्यानंतर मी दिवाळ्याला गेले. त्याची आई ओट्यावर सुकट निवडत होती. माझ्याकडे पाहून म्हणाली, "तूच ना ती गोष्टीवाली बाय?" मी कशीबशी मान हलवली. "रैवारी घरी आला का मना सगली गोष्ट सांगाचा. नाखवा आज हितं गेला, उद्या तितं जानार. नोकरीला लागला तरी सोरली नाय."

मला कळेना. नोकरीला लागला तेव्हा नाखवा बुडून वर्ष होऊन गेलं होतं.

"आजारी परला तवा नाखवा बेटावर थांबलेला," ती म्हणाली. "वारा परला म्हनून. मंग निगाला का नाय गं?"

म्हणजे त्या घरात नाखवा मेलाच नव्हता. मी बुडवला त्याच संध्याकाळी मोरेश्वरनं त्याला इथे, या ओट्यावर पुन्हा होडीत बसवला होता आणि इतकी वर्षं आईसाठी चालवत ठेवला होता. माझ्या जिभेवर आलं होतं, मावशी, मी मारलं त्याला, तुमच्या मोठ्याच्या डब्यासकट... पण तिचे हात सुकटीत थांबले होते, ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं, "निघाला मावशी. वारा सुटला."

"बरा जाला," ती म्हणाली आणि पुन्हा निवडायला लागली. "मंग?"

तेव्हापासून दर रविवारी दुपारी मी दिवाळ्याला जाते. ती सुकट निवडते, मी गोष्ट सांगते. मधेच ती हात वर करते, "नाय, असा नाय बोलाचा तो," आणि नाखवा काय म्हणाला असता ते स्वतः सांगते. अगदी मोरेश्वरच्या आवाजात सांगते. मी ऐकते. दर वेळी घरून निघताना ठरवते की आज खरं सांगायचं. परवा तिनं विचारलं, "नाखवा घरी कवा यील गं?" मी म्हटलं, "निघालाय." तिनं सुपातला कचरा पाखडला आणि थोडं सरकून मला शेजारी बसायला जागा केली.